मोजून गोळे, न मोजता भात

झाडीपट्टीत भात मोजायचा नसतो. वाढणाऱ्याने वाढत जायचं आणि जेवणाऱ्याने ताटावर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हणायचं, अशी तिथली रीत. त्या हाताच्या बोटांवरूनही एक वाढणी ताटात उतरतेच, कारण पहिलं ‘पुरे’ तिथे कुणी खरं धरत नाही. दुसरं संशयाने ऐकतात आणि तिसऱ्यावर विचार करतात. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग आणि त्याला लागून गडचिरोली, म्हणजे रान संपलं की धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या की पुन्हा रान. अशा मुलखात भाताच्या बाबतीत हात आखडणं हा जवळजवळ अपशकुनच. पण त्याच भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ज्या दिवशी गोळे असतात, त्या दिवशी घरातली सगळ्यात सढळ हाताची बाई एकाएकी तलाठी होते. नजर बारीक होते, ओठ पुटपुटू लागतात, बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरू लागतो. कोण जेवून गेलं, कोण यायचं आहे, कुणाच्या नावावर किती शिल्लक आहेत, याचे फेरफार तिच्या मनात सुरू होतात. गोळाभात हे अन्नच असं आहे : भाताच्या बाजूने दानधर्म आणि गोळ्यांच्या बाजूने हिशेब. या दोन वृत्ती एकाच ताटात इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत.

ज्यांच्या ताटात हा पदार्थ कधी आला नाही त्यांच्यासाठी थोडं विस्ताराने सांगायला हवं. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा घ्यायचा. बारीक बेसन इथे कामाचं नाही. त्याचा गोळा टाळ्याला चिकटून बसतो आणि निघायचं नाव घेत नाही. भरड्यात तिखट, मीठ, हळद, ओवा, हिंग आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालायचा. त्यावर कडकडीत तेलाचं मोहन ओतलं की पीठ ‘चुर्र’ असा एक समाधानाचा सुस्कारा टाकतं. पाण्याचा हात लावत लावत ते घट्ट मळायचं. मूठ वळली की आकार धरावा आणि दाबलं की सुटावा, इतकंच. दुसरीकडे तांदूळ तेलावर परतून आधणात पडलेले असतात. पाणी आटत येऊन भातावर बारीक बारीक भोकं दिसू लागली, की त्या मऊ, गरम भुईत गोळे हलक्या हाताने रोवायचे, भाताने अर्धेमुर्धे झाकायचे, गंजावर झाकण ठेवायचं आणि चुलीतली लाकडं मागे ओढायची. आता वाफेचा कारभार. या वेळात झाकण उघडायचं नाही, उघडणाऱ्याचं नाव वर्षभर निघतं. मग पानात वाफाळता भात, त्यावर फोडलेला गोळा, त्यावर लसूण आणि लाल मिरचीची तडतडती फोडणी, बाजूला चिंचेचं सार नाहीतर ताकाची कढी. गोळा फोडताना आतून जी वाफ येते तिला हिंगाचा, ओव्याचा आणि नुकत्याच शिजलेल्या नव्या तांदळाचा वास असतो. तो नाकात शिरला की माणूस क्षणभर बोलायचं थांबतो. झाडीत बोलणं थांबवणाऱ्या गोष्टी दोनच : एक हा वास आणि दुसरा वाघ.

तांदूळ कोणता, यावरही मतं असतात आणि ती ठाम असतात. जुनी माणसं लुचईचं नाव काढून डोळे मिटतात, कुणी चिन्नोरची आठवण सांगतं. माझ्या वाट्याला मात्र आला तो एचएमटी. या तांदळाची गोष्ट झाडीपट्टीबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. नागभीड तालुक्यातल्या नांदेड नावाच्या लहानशा गावी दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. 1983च्या सुमारास आपल्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणे बारीक, रंग निराळा. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या, आणि काही वर्षांत एक नवाच वाण तयार झाला. त्या काळी एचएमटीच्या मनगटी घड्याळांची भलतीच चलती होती. तेच नाव धानाला चिकटलं. दादाजी 2018 साली गेले, पण त्यांचा तांदूळ आता कुठल्या कुठे पोचला आहे. मला मात्र या नामकरणाची गंमत अजून ओसरत नाही. जगात इतकी नावं पडली असताना या तांदळाला नाव मिळालं ते घड्याळाचं, आणि तो शिजायचा अशा स्वयंपाकघरात जिथे भिंतीवरचं घड्याळ बंद पडून किती वर्षं झाली हेही कुणी सांगू शकलं नसतं. आमच्या आजीला वेळ कळायची ती वासावरून. ‘झाला’ म्हणाली की झाला. तिच्या नाकाला किल्ली द्यावी लागत नव्हती.

भात न मोजता आणि गोळे मोजून, ही तऱ्हा आली कुठून, असा विचार मी पुष्कळदा केला आहे. उत्तर अगदी साधं आहे आणि थोडं उदास आहे. धान बांधीत पिकायचं, डाळ मात्र जपून वापरावी लागायची. झाडीतली सगळ्यात हाताशी असलेली डाळ म्हणजे लाखोळी. तिची शेतीही तिच्यासारखीच, कुणाला फारसा त्रास न देणारी. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी, बांधीत ओल शिल्लक असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचं बी फेकून द्यायचं. नांगर नको, पाणी नको. धान कापून नेलं की त्याच्या धसकटांमधून ती हिरवी होऊन वर येते, निळी-जांभळी फुलं धरते आणि उरल्या ओलीवर शेंगा भरते. लाखोळी फार खाल्ली तर पायांतलं बळ जातं, अशा भीतीने 1961 साली तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदी बाजाराला कळली. बांधीला ती कुणी वाचून दाखवली नाही. लाखोळी उगवत राहिली आणि बायका ती भिजवून, उकळून, पहिलं पाणी फेकून देऊन रांधत राहिल्या. विष कमी करण्याचा मार्गही तोच, हे शास्त्राने नंतर सांगितलं. महाराष्ट्राने ती बंदी उठवली 2008 साली. मधल्या साऱ्या वर्षांत आमच्या भागातल्या कित्येक घरांत जे गोळे मिटक्या मारत खाल्ले गेले त्यांत कायद्याच्या दृष्टीने काहीतरी संशयास्पद होतंच. लहानपणी ते इतके चविष्ट का लागायचे याचं एक कारण हेही असावं.

तर डाळ थोडी, खाणारी तोंडं फार. वरण करावं तर पाणी वाढवत वाढवत शेवटच्या पंगतीला नुसता पिवळा रंग उरायचा. गोळ्याने या अडचणीतून मार्ग काढला. तेवढीच मूठभर डाळ, पण तिला आकार आला, वजन आलं, मान आला. पातळ वरणात आपल्या वाट्याला डाळ किती आली हे कुणालाच कळत नाही आणि त्यामुळे प्रत्येकाला आपल्यालाच कमी आली असं वाटत राहतं. गोळ्यात तसं नाही. तो ताटात दिसतो. दोन म्हणजे दोन. ज्या कुण्या बाईला पहिल्यांदा हे सुचलं तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण न्याय नुसता होऊन भागत नाही, तो दिसावाही लागतो, हे तिला कुठल्याही न्यायालयात न जाता उमगलं होतं.

आमच्या घरी ही न्यायव्यवस्था आजीकडे होती. आजी आरमोरीकडची, वैनगंगेच्या पलीकडून नावेत बसून या घरात आलेली. भाताची पळी सुनांच्या हाती असायची, गोळ्यांची आजीच्या. “भात लागन तेवढा घे बाप्पा, गोऱ्याले हात नोको लावू,” हे तिचं वाक्य पंगतीच्या सुरुवातीलाच सुटायचं. ते सगळ्यांना उद्देशून असलं तरी नजर धाकट्या काकांवर असायची, कारण काकांचा पूर्वेतिहास चांगला नव्हता. लहान पोरांनीही आपापले डावपेच शोधले होते. एक गोळा भाताखाली पुरून ठेवायचा आणि रिकाम्या ताटाकडे केविलवाणं बघत बसायचं. आजी काही न बोलता पळीच्या टोकाने नेमका तिथलाच भात उकरायची आणि पुरलेला गोळा वर काढून ठेवायची. चिडायची नाही, ओरडायची नाही. तलावात कुठे मासा आहे हे ज्याला पाण्यावरून कळतं तो ढीमर जसा निवांत असतो, तशी ती निवांत होती. पोरांना मात्र त्या क्षणी सगळ्या जगासमोर उघडं पडल्यासारखं व्हायचं. आणि दुसऱ्या खेपेला पोरं पुन्हा पुरायचीच.

आई आली वरोऱ्याकडून, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून. नकाशावर चंद्रपूर जिल्हा एक दिसतो, पण चुलीपाशी तो दोन आहे. पश्चिमेला वर्धा नदीच्या बाजूला काळी जमीन, कापूस, ज्वारी. पूर्वेला वैनगंगेच्या बाजूला तलाव, धान आणि रान. पश्चिमेची माणसं भाकरीच्या भोवती जेवतात, पूर्वेची भाताच्या. आईच्या माहेरी गोळा भातात जात नसे. तिथे कणकेची लाटलेली फळं उकळत्या वरणात सोडत, कुळथाच्या नाहीतर ज्वारीच्या पिठाचे शेंगोळे बोटांनी वळून लसणाच्या रश्शात शिजवत. आईला हे सगळं येत होतं आणि इथे त्याला विचारणारं कुणी नव्हतं. सासूसमोर ‘आमच्याकडे असं नाही करत’ असं म्हणण्याची सोय त्या काळी नव्हती. ती हे वाक्य कढईला ऐकवायची. कढई ते आजीपर्यंत पोचवायची. आजीही उत्तर देताना चुलीकडे बघून द्यायची : “पान्यात पीठ उकडाले का लागते?” चूल ते आईपर्यंत आणायची. अशी ही चर्चा कित्येक वर्षं मध्यस्थांमार्फत चालली. घराण्याची पाककृती एका पिढीकडून दुसरीकडे जाते असं आपण फार गंभीरपणे म्हणतो. मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, ती टोमण्यांतून जाते. कौतुक विसरलं जातं. ‘मीठ कमी पडलं वाटते’ हे वाक्य मात्र सून जन्मभर विसरत नाही, आणि म्हणूनच पुढे तिच्या सुनेच्या हातचं मीठ बरोबर पडतं.

या दोन नद्यांचा तह झाला तो कढीत. कढीगोळे दोन्हीकडे होतात, एवढी एकच गोष्ट दोघींना मान्य होती. तुरीची आणि हरभऱ्याची डाळ भिजवून, पाट्यावर आलं-मिरची घालून भरड वाटायची. कढी चांगली खदखदू लागली की आधी एकच गोळा सोडायचा. तो सगळ्यांच्या वतीने पाण्यात उतरलेला. तो फुटला तर वाटणात थोडं बेसन मिसळायचं, टिकला तर बाकीचे सोडायचे. आणि मग काही वेळ डावाला हात लावायचा नाही. सोडलेले गोळे आधी तळाशी जातात आणि तिथे बराच वेळ काय विचार करतात देव जाणे. मग शिजले की एकेक करून वर येतात, उन्हाळ्याच्या दुपारी बोडीत बुडालेल्या म्हशी नाकपुड्या काढून वर येतात तसे. आजी आणि आई दोघीही तेव्हा कढईपाशी शेजारी शेजारी उभ्या असायच्या. पहिला गोळा वर आला की दोघींच्या तोंडून एकदमच ‘आला’ निघायचं. मग लगेच दोघी दुसरीकडे बघायच्या, जणू काही झालंच नाही. वर्धा आणि वैनगंगा खाली चपराळ्याजवळ एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे त्यांची प्राणहिता होते, हे मी शाळेच्या भूगोलात नंतर वाचलं. मला त्यात नवल वाटलं नाही.

किती जरी जपलं तरी एखादा गोळा फुटतोच. फुटका गोळा आजी स्वतःच्या ताटात घ्यायची. “फुटक्यात कढी चांगली मुरते,” म्हणायची. आम्ही मोठे झालो, चार पुस्तकं वाचली, आणि घरातल्या बायका कशा उरलंसुरलं खातात यावर लिहिलेलं वाचून आमचे डोळे उघडले. मग एका सुट्टीत आम्ही भावंडांनी ठरवून आजीच्या ताटात आधी दोन अखंड, सुबक गोळे वाढले आणि फुटका आपसांत वाटून घेतला. आजीने ताटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही गोळे बोटांनी फोडून कढीत मुरत ठेवले. “सांगतलं नं, फुटक्यात मुरते म्हून,” एवढंच बोलली. तेव्हापासून मी या गोष्टीचा उलगडा करायच्या फंदात पडत नाही. त्याग होता की आवड होती, की आवड म्हणून सुरू झालेला त्याग होता, की त्याग करता करता लागलेली आवड होती, हे आजीलाही सांगता आलं असतं असं वाटत नाही. शिवाय एक गोष्ट नाकारता येत नाही. फुटक्या गोळ्यात कढी खरंच चांगली मुरते.

गोळ्यांची खरी कसोटी लागायची ती मंडईच्या दिवसांत. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडया भरू लागतात, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकांचं मोठं ठाणं. तिथल्या मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात, उघड्यावर मंडप पडतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा पूर्वेकडे फटफटलेलं असतं. याच रंगभूमीवर आयुष्यभर काम केलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्या झाडीने ती आपल्याच घरी आल्यासारखी मिरवली. आता नाटक रात्रभर म्हणजे पाहुणा रात्रभर. वडशाकडचे, नागभीडकडचे, सिंदेवाहीकडचे नातलग आपापली पोरंबाळं आणि शेजारची एक-दोन घेऊन दुपारपासूनच येऊन टेकायचे. रानातून यायचं तर दिवस मावळायच्या आत आलेलं बरं, हे वाघाने सगळ्यांना शिकवून ठेवलं आहे. त्या दिवशी सकाळी भिजवलेला भरडा संध्याकाळच्या माणसांना पुरायचा कसा? आजीचा नियम ठरलेला होता. भरडा वाढवायचा नाही, तो मुळात तेवढाच आहे. गोळे वाढवायचे. सकाळी लिंबाएवढा असलेला गोळा दुपारी आवळ्याएवढा व्हायचा आणि शेवटची बंडी अंगणात सुटली की बोराएवढा. ताटात मात्र दोनच. पाहुण्याला दोन, घरच्यालाही दोन. नाटकात नायिका पाच मिनिटांत दोनदा मरून पुन्हा गायला उभी राहायची. आमच्या गंजातले गोळे त्याहून मोठा चमत्कार करत होते आणि त्यांना टाळ्या मिळत नव्हत्या.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी नदीच्या धारेने खाली गेलो, तेव्हा कळलं की हा मोजदादीचा रोग आमच्याच घराला झालेला नाही. चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बाजूला 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसवली गेली. पौष संक्रांतीला त्यांच्याकडे पिठे होतात : तांदळाच्या पिठाची पारी, आत नारळ आणि गूळ, आणि ती पुली दुधात नाहीतर वाफेवर शिजवलेली. ज्या गावाहून ती माणसं आली ते गाव, ती नदी, तो देशसुद्धा मागे राहिला. पण पारी किती पातळ असावी यावर सासू-सुनेचं जे दुमत होतं ते मात्र सामानात नीट बांधून आलं. आणखी खाली सिरोंच्याला, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथे गणेश चतुर्थीला तेलुगू घरांतून तांदळाच्या रव्याचे उंड्राळ्ळू वाफवतात. तिथेही मोजणी. कोकणातल्या गणपतीला जसे 21 मोदक, तसे तिथल्या घरांतही नैवेद्याचे नग ठरलेले. म्हणजे साक्षात विघ्नहर्त्यालासुद्धा न मोजता वाढायची कुणाची छाती नाही. आणि वर उत्तरेला, गोंदिया जिल्ह्याच्या रानात गोठणगावजवळ, 1970च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालय सोडून मोहाच्या झाडांखाली संसार मांडणाऱ्या त्या माणसांनी बर्फ मागे ठेवला, मोमो सोबत आणला. मोमोसुद्धा थाळीवर मोजूनच येतात. तिकडे चीनमध्ये नव्या वर्षाच्या रात्री एखाद्या कानोल्यात नाणं लपवून ठेवतात म्हणे, ज्याच्या तोंडात येईल तो वर्षभर भाग्यवान. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, दात पडला तर?

म्हणजे पिठाच्या उंड्यात काहीतरी भरून, वाफेवर किंवा रश्शात शिजवून, मोजून वाढायचा, हे माणसाला जागोजाग सुचलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते चणचणीत सुचलं आहे. ज्या घरात मुबलक आहे त्या घरात कुणी गोळे वळत बसत नाही. थोडक्यात पुष्कळांना खाऊ घालायचं आणि कुणालाही ते थोडकं होतं हे कळू द्यायचं नाही, ही त्या गोल आकारामागची युक्ती.

आता आमच्या घरी डाळ मुबलक आहे. कुकर आहे, मिक्सर आहे, भरडा दुकानात पाकिटातून मिळतो. आजी गेली. काका चंद्रपूरला राहतात, त्यांना डॉक्टरांनी तेल बंद केलं आहे. भावंडं नागपूर, पुणे, हैदराबाद अशी पांगली. गावच्या घरात आई-बाबा दोघंच. गेल्या दिवाळीनंतर गेलो होतो तेव्हा आईने गोळाभात केला. झाकण काढलं आणि मी पाहतच राहिलो. गोळे चांगले संत्र्याएवढे होते. भातात मावत नव्हते, एकमेकांना खेटून बसले होते. “एवढे मोठे?” मी विचारलं. आई म्हणाली, “पीठ तेवढंच घेते रे. हाताला तेवढीच सवय आहे. माणसं दोन, मग गोळे चार. होतात मोठे.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, गणित होतं. मी गोळा फोडला. बाहेरून शिजला होता, मधे थोडा कच्चा होता. वाफ तिथपर्यंत पोचलीच नव्हती. बाबा शांतपणे कडेकडेने खात होते. मधला भाग त्यांनी ताटात बाजूला सारून ठेवला होता, आणि आईच्या ताटातही तसाच एक ढीग होता. दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जिथे पूर्वी अर्ध्या गोळ्यासाठी भांडणं व्हायची तिथे आता गोळ्याचा मधला भाग वाया जात होता.

माझी पुतणी पुण्यात शिकते. तिने मध्यंतरी आजीला, म्हणजे माझ्या आईला, व्हिडिओ कॉल करून गोळाभाताचं प्रमाण विचारलं. किती ग्रॅम भरडा, किती चमचे तेल, किती शिट्ट्या. आईने उत्तर द्यायच्या आधी उलट प्रश्न विचारला : “जेवाले किती जण आहेत?” पुतणी म्हणाली, मी एकटीच. आई जरा वेळ थांबली आणि म्हणाली, “मंग खिचडी लाव बेटा.” पुतणीला वाटलं, आजीला प्रमाण आठवत नाही. मला वाटतं, आईने त्यापेक्षा नेमकं प्रमाण सांगितलंच नसतं. चार दिवसांनी पुतणीने वसतिगृहातल्या सहा मैत्रिणी जमवून पुन्हा फोन लावला. या खेपेला आईने सगळं सांगितलं : भरडा दोन वाट्या, मोहन कडकडीत, सांबार भरपूर, गोळे चौदा. रात्री फोटो आला. गोळे वेडेवाकडे होते, एक फुटलेला होता, भात जरा गिच्च झाला होता. आईने चष्मा लावून फोटो मोठा केला, बोटाने गोळे मोजले आणि म्हणाली, “तेराच दिसून रायले. एक कोनं खाल्ला आधी?”

तर सांगायचं एवढंच. घराण्याच्या गोळ्यांचं प्रमाण ग्रॅममध्ये लिहून ठेवायच्या भानगडीत पडू नका. ते ग्रॅममध्ये कधी नव्हतंच. ते जेवणाऱ्या माणसांत होतं. गोळा लहान झाला तर घाबरायचं कारण नाही, ते घर भरल्याचं लक्षण आहे. आपल्या गंजातले गोळे मोठे होऊ लागले आहेत असं मात्र ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी पीठ कमी करू नका. शेजारी जा, दार वाजवा, दोन माणसं जेवायला बोलवा. आणि त्यांनी ‘पुरे’ म्हटलं तर पहिल्यांदा ऐकू नका.